गादीची खोळ आणि लेकराची धाप

गणपती घरी आले की दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या रात्री माझ्या दवाखान्याची बेल वाजते. गेल्या तीस वर्षांत यात खंड पडल्याचे मला आठवत नाही. दारात मुंबईहून आलेले एखादे कुटुंब उभे असते. वडिलांच्या खांद्यावर पाच-सात वर्षांचे मूल असते, आणि त्याच्या छातीतली शिट्टी मला जिन्यावरूनच ऐकू येते. आई म्हणते, "डॉक्टर, इथलं पाणी बाधलं वाटतं." आजोबा म्हणतात, "काल मोदक जरा जास्त झाले." आजीचा संशय दृष्टीवर असतो. मी वाफ देतो, मूल जरा निवले की एकच प्रश्न विचारतो, "रात्री झोपलं कशावर?"

उत्तरही दरवर्षी तेच. माळ्यावरचे किंवा मोठ्या लाकडी पेटीतले बिछाने. मे महिन्यात मुले सुट्टीला आली तेव्हा ते वापरले, गुंडाळले आणि वर टाकले. मग मृगापासून एकेक नक्षत्र कोसळून गेले. मागच्या खोल्या बंद, खिडक्या बंद, भिंतींना ओल. भाद्रपदात चाकरमानी आले तशी तीच गादी खाली उतरली, तिच्यावर धुतलेली चादर पसरली, आणि घरातल्या लाडक्या नातवाला सर्वांत जाड, सर्वांत मऊ गादी मिळाली. "चादर स्वच्छ होती हो," असे आजी शपथेवर सांगतात आणि ते खरेच असते. दोष चादरीचा नसतो, चादरीखालच्या कापसाचा असतो.

आज हा विषय घेण्याचे कारण एक पत्र आहे. आपल्याच जिल्ह्यातील एका भगिनीने ते लिहिले आहे. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला दमा आहे. वर्षातून दोन-तीन वेळा त्याला दवाखान्यात ठेवावे लागते. कातडीवरच्या चाचणीत त्याला घरातल्या धुळीतील माइटचे वावडे असल्याचे निघाले. तिथल्या डॉक्टरांनी रोजचा पंप लिहून दिला आणि गादी-उशीला खास खोळी घालायला सांगितल्या. दुकानदाराने खोळींची जी किंमत सांगितली, तेवढ्यात मुलाचा काही महिन्यांचा पंप येतो. शेजारच्या बाई म्हणाल्या, "खोळ घातलीस की पंपाची गरजच नाही, सवय तरी लागणार नाही पोराला." भगिनी विचारतात, "डॉक्टर, दोन्ही एकदम परवडत नाही. काय घेऊ आणि काय सोडू?"

उत्तर आधीच देऊन टाकतो. पंप बंद करून खोळ घेऊ नका. पंप चालू ठेवून जमेल तशी खोळ जरूर घ्या, कारण तुमच्या मुलासारख्या मुलाला तिचा उपयोग होण्याची शक्यता बरी आहे. मात्र घ्याल तेव्हा पुरी घ्या, अर्धी घेऊ नका. हे मत मी सहज दिलेले नाही. या एका बाबतीत माझे मत दोन वेळा बदलले आहे, आणि पहिल्या वेळी ते बदलण्यासाठी एका मुलाला फार सोसावे लागले. ते पुढे सांगतो.

आधी हा माइट कोण ते पाहू. अनेकांना तो ढेकणासारखा चावणारा प्राणी वाटतो. तसे नाही. तो आठ पायांचा आहे, नात्याने कोळी आणि गोचीड यांच्या कुळातला, पण लांबी मिलिमीटरचा तिसरा-चौथा हिस्सा. डोळ्यांना दिसत नाही. चावत नाही, रक्त पीत नाही, रोग पसरवत नाही. आपल्या अंगावरून रोज कातडीचा जो बारीक कोंडा झडतो त्यावर तो जगतो. पाणी पीत नाही, हवेतली ओल अंगात शोषून घेतो. म्हणून त्याला दमट आणि उबदार जागा लागते, आणि माणूस रात्री सात-आठ तास ज्या गादीवर घाम आणि कोंडा टाकतो त्याहून चांगली जागा त्याला कुठे मिळणार? घर स्वच्छ असले तरी तो असतो. त्यामुळे "आमच्या घरात असले काही नाही" असे कोणी म्हटले की मी वाद घालत नाही. माझ्या घरातही आहेत, आणि माझी पत्नी टापटिपीची आहे.

त्रास माइटचा होत नाही, त्याच्या विष्ठेचा होतो. एक माइट दिवसाला सुमारे वीस गोळ्या टाकतो. प्रत्येक गोळीत त्याच्या पोटातला पाचक रस असतो, आणि ज्याचे शरीर त्याला वैरी मानते त्याच्या नाकाला आणि श्वासनलिकांना तो सुजवतो. शिंका, नाक चोंदणे, पहाटेचा खोकला, आणि काहींना दमा. सगळ्यांना नाही. एका गादीवर चार भावंडे झोपतात आणि एकालाच धाप लागते, ती याचमुळे.

घरच्या धुळीने दमा उठतो हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते, पण धुळीत नेमके काय ते कळत नव्हते. १९६४ साली हॉलंडमधील लायडन येथे वोरहोर्स्ट, स्पीक्समा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की धुळीतला अपराधी हा माइट आहे. कालव्यांच्या, ओलसर घरांच्या देशात हा शोध लागावा यात नवल नाही. स्वित्झर्लंडमधल्या दावोस या उंच आणि कोरड्या हवेच्या गावात दम्याच्या रुग्णांना बरे वाटते, हेही त्याआधीच माहीत होते. तिथल्या गाद्यांत माइट अगदी थोडे सापडतात. आपल्याकडेही कोकणातले दमेकरी सांगतात की सोलापूरला लेकीकडे गेलो की छाती मोकळी होते. ती किमया देशावरच्या कोरड्या हवेची असावी. केवळ उंचीचा प्रश्न असता तर महाबळेश्वरला सर्वांना बरे वाटले असते, पण तिथला पाऊस आपल्यालाही लाजवील असा आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ही विष्ठेची गोळी धुळीच्या मानाने जड असते, साधारण दहा ते चाळीस मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड धरला तर अंदाज येईल. एवढी जड गोळी हवेत फार वेळ तरंगत नाही. गादी झटकली, मूल उशीवर उसळले की ती उडते, आणि अर्ध्या तासाच्या आत बहुतेक खाली बसते. म्हणजे खोलीच्या हवेत ती दिवसभर भरलेली नसते. ती असते नाकाखाली, उशीत. म्हणूनच हवा शुद्ध करण्याची महागडी यंत्रे या कामी फारशी उपयोगी पडत नाहीत, कारण हवेत जे नाहीच ते यंत्र कुठून काढणार? तीच गोष्ट घरोघरी फिरून गादीवर यंत्र चालवून दाखवणाऱ्या विक्रेत्यांची. काळ्या कापडावर पांढरी भुकटी काढून दाखवतात आणि घरची बाई घाबरते. ती भुकटी खरी असते, पण वरवरची. आतल्या थरांतले माइट कापसाच्या तंतूंना घट्ट धरून असतात. "दहा वर्षांत गादीचे वजन माइटमुळे दुप्पट होते" असेही एकाने मला ऐकवले होते. मी म्हटले, तराजू आणा. तो परत आला नाही.

तर शत्रू गादी-उशीच्या आत आहे आणि नाक तिच्यावर टेकलेले आहे. मग मध्ये असा एक पडदा घालावा की आतले बाहेर येणार नाही आणि बाहेरचा कोंडा आत जाणार नाही, म्हणजे आतल्यांना नवा दाणापाणीही मिळणार नाही. खोळीमागचा विचार एवढाच आहे, आणि तो इतका सरळ आहे की मी तरुणपणी त्याच्या प्रेमातच पडलो होतो.

आता ती गोष्ट. २००१ साल असावे. एसटीत वाहक असलेल्या एका गृहस्थांचा सात वर्षांचा मुलगा माझ्याकडे येत असे. त्याचा दमा पावसाळ्यात हमखास उसळायचा. मी त्याच्या वडिलांना अर्धा तास बसवून माइटचे चित्र काढून दाखवले, खोळीचे महत्त्व सांगितले. त्या काळी असल्या खोळी मुंबईहून मागवाव्या लागत. माझ्या बोलण्यात इतका उत्साह होता की त्या सज्जन माणसाने त्यातून एकच अर्थ काढला: दोष गादीचा आहे, तो दूर केला की मुलगा बरा. त्यांनी पतपेढीतून पैसे उचलले, गादीची खोळ आणली, आणि रोजचा पंप बंद केला. मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. श्रावणात पहाटे तीनला ते मुलाला घेऊन आले तेव्हा त्याला एक वाक्य सलग बोलता येत नव्हते, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती आणि ओठ निळसर पडले होते. प्राणवायू लावून त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. दोन दिवसांनी तो धोक्याबाहेर आला. मी आधी वडिलांना रागावलो. ते मान खाली घालून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्हीच म्हणाला होता ना, सगळं गादीतच आहे?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. गादीला खोळ नीट घातलेली होती. पण ती मेणकापडासारखी होती, अंग हलले की कचाकचा वाजायची, घाम यायचा. मुलगा तिच्यावर झोपतच नव्हता. तो आजीच्या कुशीत, तिच्या जुन्या गादीवर, तिच्या सावरीच्या कापसाच्या उशीवर झोपायचा. नवी खोळ घातलेली गादी भिंतीशी उभी करून ठेवलेली होती, पाहुण्यांसाठी.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २००३ मध्ये, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन मोठे अभ्यास आले. एकात ब्रिटनमधील ११२२ प्रौढ दमेकऱ्यांपैकी काहींना खरी खोळ दिली आणि बाकीच्यांना दिसायला तशीच पण साधी खोळ दिली. फुंकण्याचा जोर, पंपाची गरज, कशातच फरक पडला नाही. दुसरा अभ्यास हॉलंडचा, नाकाच्या अ‍ॅलर्जीचा. तिथे खऱ्या खोळींनी गादीवरचा माइटचा अंश कमी झाला, पण रुग्णांचा त्रास काही त्यामानाने कमी झाला नाही. मी खोळीचे नाव घेणे सोडून दिले. खरे सांगायचे तर मला त्यात थोडी सुटकाच वाटली, कारण त्या मुलाची आठवण ताजी होती. कोणी विचारले तर म्हणायचो, "त्यात काही अर्थ नाही, पंप घ्या."

पण ते मतही पूर्ण बरोबर नव्हते. २००४ साली अमेरिकेच्या मोठ्या शहरांतील गरीब वस्त्यांमधल्या ९३७ मुलांचा अभ्यास आला. तिथे नुसत्या खोळी दिल्या नव्हत्या. खोळी, झुरळांचा बंदोबस्त, घरातला धूर, ज्या मुलाला ज्याचे वावडे त्या सगळ्याकडे एकत्र लक्ष दिले होते. त्या मुलांचे त्रासाचे दिवस कमी झाले. आणि २०१७ मध्ये इंग्लंडमधला मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्याने मला पुन्हा विचार करायला लावले. त्यात दम्याच्या झटक्याने रुग्णालयात आलेली आणि माइटचे वावडे सिद्ध झालेली २८४ मुले निवडली होती. गादी, उशी, पांघरूण, तिन्हींना खोळी. वर्षअखेरीस खरी खोळ मिळालेल्या १२३ मुलांपैकी ३६ जणांना, आणि नकली खोळ मिळालेल्या ११८ पैकी ४९ जणांना झटक्यासाठी पुन्हा रुग्णालय गाठावे लागले. शेकडा काढला तर २९ विरुद्ध ४२. तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांची गरज मात्र दोन्हीकडे सारखीच राहिली. म्हणजे चमत्कार नाही, पण ज्या आईने पोराला घेऊन रात्री-अपरात्री रिक्षा शोधली आहे तिला हा फरक लहान वाटणार नाही.

या दोन्ही टोकांचे अभ्यास शेजारी ठेवून मी आज असे म्हणतो: चाचणीत माइटचे वावडे निघालेले आहे, वय लहान आहे आणि झटके वारंवार येतात, अशा मुलाला खोळीचा विचार जरूर करावा. पन्नाशीच्या दमेकऱ्याने, ज्याचा दमा वर्षानुवर्षांचा आहे आणि जो पंप अर्धवट घेतो, त्याने ते पैसे पंपावर खर्च करावेत. आणि ज्याची चाचणीच झालेली नाही त्याने आधी चाचणी करावी. सगळ्यांचा दमा काही गादीतून येत नाही. चुलीचा धूर, डास पळवणाऱ्या कॉइलचा धूर, भिंतीवरची बुरशी, झुरळे, बापाची विडी, कितीतरी कारणे आहेत. अशा घरात खोळ घालून वर कॉइल पेटवून झोपणे म्हणजे पैशांचे पाणी.

पण परदेशातला अभ्यास जसाच्या तसा आपल्या घरात उतरत नाही. तिकडे मुलाची स्वतःची खाट असते, अनेकदा खोलीही. आपल्याकडे रात्री माजघरात बिछाने एका ओळीत पडतात. मूल झोपते आईपाशी, मध्यरात्री सरकते आजीकडे, पहाटे त्याच्या अंगावर काकाची दुलई असते. सकाळी सगळे बिछाने एकावर एक रचले जातात आणि सुट्टीच्या दिवशी पोरे त्या ढिगावर उड्या मारतात. अशा घरात एका गादीला खोळ घालणे म्हणजे भोके पडलेल्या छपराचे एक कौल बदलणे. मुलाची एक जागा ठरवा, मग खोळीचे बोला. जर ते आजीजवळच झोपणार असेल, आणि झोपावेही, आजीची कुशी औषधाहून कमी नाही, तर आजीच्या गादीला आणि उशीलाही खोळ हवी. दोन खोळींचे पैसे नसतील तर दोघांसाठी एकच रुंद गादी करा. माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाने तर गादी काढूनच टाकली आणि मुलाला चटईवर धुता येणारी सतरंजी आणि गोधडी घातली. फार शहाणपणाचे केले. जिथे कापूसच नाही तिथे खोळीचा खर्च नाही.

गोधडीचे मला नेहमीच कौतुक वाटते. जुन्या लुगड्यांचे थर शिवलेली गोधडी सबंध धुता येते, कापसाची रजई येत नाही. मात्र ती कोमट पाण्यात बुचकळून चालत नाही. माइट मरायला पाणी पंचावन्न-साठ अंश तरी तापलेले हवे, म्हणजे हात घालवणार नाही असे. बंबातले किंवा हंड्यातले पाणी काढून त्यात गोधडी, चादर, अभ्रे बुडवून ठेवा, मग चोळा. गार पाण्याने विष्ठेचा बराच अंश धुऊन निघतो, पण माइट पुष्कळसे जिवंत राहतात. चादर आणि अभ्रे आठवड्याला, गोधडी निदान महिन्याला.

उन्हाबद्दल लोक विचारतात. आपल्या आया-आज्या वैशाखात बिछाने कातळावर नेऊन टाकत, त्यात मोठे शहाणपण होते. त्या कातळावर पाय ठेववत नाही इतका तो तापतो, आणि कडक, कोरडे ऊन माइटला मारते. पण दोन अडचणी आहेत. जाड गादीच्या पोटापर्यंत ती उष्णता पोचत नाही, माइट आत सरकतात. आणि मेले तरी त्यांची विष्ठा तिथेच राहते. म्हणून उन्हानंतर गादी काठीने चांगली बडवायला हवी. ती बडवताना दमेकरी मूल अंगणातही असू नये, बडवणाऱ्याने नाकाला फडके बांधावे. दिवाळीच्या साफसफाईलाही हेच लागू आहे. आईला मदत म्हणून माळा झाडायला चढलेले किती तरी दमेकरी धनत्रयोदशीला माझ्या बाकावर बसलेले असतात.

आपल्याकडे खोळ घालण्याचा मुहूर्त मे महिना हा आहे. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्या, गादीला दोन-चार दिवस खणखणीत ऊन द्या, आणि पहिल्या पावसाआधी खोळ चढवा. पावसाळ्यात ओलसर गादीवर खोळ घातलीत तर आत बुरशी येईल, आणि माइट जाऊन दुसरा पाहुणा घरात घ्याल. आत्ता ज्यांना घाई आहे त्यांनी ऑक्टोबरच्या उन्हाचा फायदा घ्यावा.

आता खोळ कसली? आमच्या गावातल्या शिंप्याने एकदा मोठ्या आपुलकीने जाड मांजरपाटाची खोळ शिवून आणली होती. कापड जाड होते, पण विणकर सैल. दहा मायक्रॉनची गोळी त्यातून आरामात बाहेर येते. जाडीचा उपयोग नाही, विणकरीचा आहे. कापडाची छिद्रे दहा मायक्रॉनपेक्षा लहान हवीत, सहाच्या आसपास असतील तर उत्तम. हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून विकत घेताना छिद्रांचे माप छापलेले आहे का ते पाहावे. नसेल तर दुकानदाराला विचारावे, आणि त्याला प्रश्नच कळला नाही तर दुकान बदलावे. साधे मेणकापड किंवा रेक्झीन माइटला अडवते, स्वस्तही पडते, पण आपल्या हवेत त्यावर झोपवत नाही. तरी पैशांची अडचण असेल तर उशीला रेक्झीनची खोळ, वर दोन सुती अभ्रे, असे चालवून घ्यावे. गादीवर ते चालवून घेता येईलच असे नाही, त्या वाहकाच्या मुलाने मला ते शिकवले.

बाजारात हल्ली गादीवर चादरीसारखे घालायचे, कडेला इलॅस्टिक असलेले आवरण मिळते. पाणी सांडू नये म्हणून ते ठीक आहे. पण ते पाचच बाजू झाकते, तळ उघडा राहतो. या कामाला पिशवीसारखी, सहाही बाजू बंद करणारी, चेन असलेली खोळ हवी. चेनीच्या दातांतूनही धूळ गळते, म्हणून चेनीवर आतून किंवा वरून पट्टी असावी. नसेल तर चिकटपट्टी लावा. शिवण उसवली की दुरुस्त करा. खोळीवर आपली नेहमीची चादर घाला, आणि चादर बदलाल तेव्हा खोळ ओल्या फडक्याने पुसा. ती रोज काढायची नाही, धुण्यात टाकायची नाही.

उशीबद्दल एक गैरसमज. फोमची किंवा कृत्रिम तंतूंची उशी घेतली की माइट होत नाहीत असे सांगतात. होतात. उशी कसलीही असो, खोळ हवी. मुलाचे कापसाचे अस्वल वगैरे असेल तर तेही धुवा, किंवा एक दिवसभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि मग धुवा. कडुनिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या, कापूर यांवर मी विसंबणार नाही. उग्र वासाने काही दमेकऱ्यांना उलट धाप लागते.

राहिला पंप. "सवय लागते" हे वाक्य मी ज्या दिवशी ऐकले नाही असा दिवस मला आठवत नाही. रोज घ्यायच्या पंपात सूज कमी करणारे औषध असते, अगदी थोड्या मात्रेत, थेट श्वासनलिकेत. चष्म्याची सवय लागते असे आपण म्हणत नाही. फक्त धाप लागली की निळा पंप ओढायचा आणि एरवी काही नाही, ही पद्धत आता जागतिक मार्गदर्शनातही २०१९ पासून मान्य नाही. आणि मूल बोलताना शब्द तोडू लागले, बरगड्या आत जाऊ लागल्या किंवा ओठ काळे-निळे दिसू लागले, तर खोळ, उशी, गादी सगळे बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठायचा, पहाट होण्याची वाट पाहायची नाही.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना आता सांगतो. पंप आहे तसा चालू ठेवा, त्यात एक दिवसही खंड नको. या महिन्यात फक्त उशीची खोळ घ्या, ती गादीच्या खोळीहून पुष्कळ स्वस्त असते आणि नाक तिच्यावरच असते. पांघरायला रजई असेल तर काढून गोधडी द्या. गादीची खोळ पुढच्या मे महिन्यापर्यंत, गादी पिंजून घ्याल तेव्हा घ्या. तोवर थोडे थोडे बाजूला टाकता येईल. माप घेताना गादीची जाडीही मोजा, आणि ती पिंजल्यानंतरची मोजा, आधीची नको. ताज्या पिंजलेल्या गादीवर खोळ चढत नाही म्हणून परत नेणारे मी पाहिले आहेत. आणि मुलगा रात्री नेमका कुणाजवळ झोपतो ते तुमच्या पत्रात आलेले नाही. तेवढे कळवा.